कठीण परिस्थितीतलं ऑईल

भांडुप, ९ मार्च २०२५

दाजीकाका आणि काकी, नमस्कार.

गाडी तुमच्या दारात सुखरूप उभी आहे आणि कोंबड्यांनी तिच्याखाली संसार मांडलाय, असं काकी फोनवर म्हणाली. तुमच्याशी फोनवर बोलून उपयोग नाही. होडीच्या इंजिनाशेजारी बसून बसून तुमचे कान गेलेत. मी गाडीचं विचारते आणि तुम्ही "जेवलो, जेवलो" म्हणता. म्हणून पत्र.

आमची इमारत पाडून नवी होईपर्यंत गाडी पूर्णगडलाच राहील. भाड्याच्या घराला पार्किंग नाही. तुम्ही ती खुशाल वापरा. दवाखान्यात जा, काकीला पावसच्या बाजारात न्या. फक्त इंजिन ऑईलला हात लावायचा नाही. कंपनीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय: दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. मी जानेवारीत बदललंय. तुम्ही जन्मभर होडीचं इंजिन खोललंत आणि जोडलंत, म्हणून आधीच हात जोडून सांगते.

दुसरं, होडीचं. वेळणेश्वरकडचे रिसॉर्टवाले शेठ पावसाळा संपला की आपली 'गंगा' न्यायला तयार आहेत. बागेत उभी करून तिचा काउंटर करणार. लोक तिच्यावर सोलकढीचे पेले ठेवतील. तिचं इंजिन विकल्यापासून ती नुसती किनाऱ्यावर पडून आहे, तुमचे गुडघे गेलेत, आणि तुम्ही पुन्हा समुद्रावर जाल या भीतीने मला इथे झोप लागत नाही. होडी आप्पांनंतर माझ्या नावावर आली असली तरी तुम्हाला विचारल्याशिवाय मी काही करणार नव्हते. गेल्या महिन्यात गाडी सोडायला आले तेव्हा विचारलं, तुम्ही मान हलवलीत. शेठना होकार कळवला आहे.

तुमची,
दर्शना


पूर्णगड, १८ मार्च

चि. दर्शू,

पत्र मिळालं. पोस्टमन म्हणाला, हल्ली बँकेच्या नोटिशी सोडल्या तर पत्र लिहिणारी तुमची पुतणीच उरली. तुझं अक्षर तुझ्या बापासारखं, आप्पासारखंच आहे, चालता चालता उजवीकडे कलंडतं.

गाडी झकास. तिचं ऑईल बदललं. रागावू नकोस, तुझं पत्र पोचायच्या आदल्या दिवशीच बदललं होतं, म्हणजे चूक पोस्टाची. मी सहज ऑईल मापायची पट्टी बाहेर काढून बघितली तर तेल काळंकुट्ट. काळ्या तेलावर इंजिन चालवणं म्हणजे काल बांगडे तळलेल्या तेलात आज पुन्हा बांगडे तळणं. तुझी काकी तसं करते आणि मी मुकाट खातो, पण इंजिनाने का सोसावं? खर्चाची काळजी करू नकोस, तो माझा.

शिमगा चांगला झाला. पालखी दारात नाचली. खांदा द्यायला गेलो तर पोरांनी मला बाजूला बसवलं आणि सरबत दिलं. म्हातारपण म्हणजे दुसरं काही नाही, लोक सरबत देऊ लागतात.

आशीर्वाद.
दाजी

ता. क. मी काल तळलेलं तेल पुन्हा वापरत नाय. आणि हे दुपारचे जुना लेंगा घालून किनाऱ्याकडे कशाला जातात, ता विचार. - आवडाकाकी


भांडुप, ३० मार्च

दाजीकाका,

इंजिन ऑईल म्हणजे बांगड्याचं तेल नव्हे. ते इंजिनातली काजळी स्वतःत घेतं, म्हणून काळं होतं. काळं होणं हेच त्याचं काम आहे. काळं झालं म्हणून टाकायचं ठरवलं तर आपण सगळ्यांनीच घाबरायला हवं.

आता मला सांगा, आत कुठलं ऑईल घातलंत? त्या इंजिनाला पातळ सिंथेटिक लागतं, डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलेलं. होडीला घालायचात तसलं काकवीसारखं जाड काही ओतलं असेल तर थंड इंजिन सुरू होताना ते वरपर्यंत वेळेत पोचणार नाही आणि माझी गाडी कायमची कोंबड्यांना देऊन टाकावी लागेल.

होडीबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. सरबताबद्दल मात्र लिहिलंत.

दर्शना


पूर्णगड, २४ एप्रिल

चि. दर्शू,

ऑईल तेच, ५डब्ल्यू-३०. चष्मा लावून वाचलं, मग काकीकडून वाचून घेतलं, मग दुकानदाराला वाचायला लावलं. पाण्यासारखं पातळ आहे. माझा काही विश्वास बसत नव्हता, पण तुझ्या इंजिनाला मानवत असेल तर मी कोण बोलणारा?

मात्र ते पुन्हा बदललं.

थांब, पत्र फाडू नकोस. तुझं ते पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. तू अर्धंच वाचलंयस. मागे बारीक अक्षरात लिहिलंय की गाडी धुळीत चालत असेल, जवळजवळच्या फेऱ्या मारत असेल, ओझं घेऊन चढ चढत असेल तर ती 'कठीण परिस्थिती' समजावी आणि ऑईल लवकर बदलावं. आता बघ. आमच्याकडे तांबडी धूळ. खारा वारा. फेरी पावसपर्यंतच, इंजिन तापतंय न तापतंय तोवर बाजार येतो. वाटेत चढ, आणि शेजारी तुझी काकी. सगळीच परिस्थिती कठीण. पुस्तक म्हणतं अर्ध्यावर बदला. मी त्याहून जरा लवकर बदललं, कारण पुस्तक लिहिणारा पूर्णगडला आलेला दिसत नाही.

होडी बरी आहे.

दाजी

ता. क. माझं वजन होतं तेवढंच हाय. ह्यांचा लेंगा मात्र धुऊन धुऊन फाटला, डाग जात नाय. - आ. काकी


भांडुप, ४ मे

दाजीकाका,

होडी बरी आहे म्हणजे काय? ती काय आजारी होती?

मी ऑडिटमध्ये नोकरी करते हे तुम्ही विसरलात. इतक्या वेळा ऑईल बदलणारी गाडी एक तर रोज गोव्याला जाऊन येत असणार, नाही तर तुम्ही तिच्यावर भाडी मारताय. सुट्टीचे दिवस आहेत, पर्यटक आलेले आहेत, दारात रिकामी गाडी आहे. गणेशगुळे, पावस, रत्नागिरी, वाटेत आंबे. सगळं जुळतं. लेंग्यावरचे डागही जुळतात.

खरं सांगा. मी रागावणार नाही. पण गाडीच्या कागदांवर भाड्याचा परवाना नाही आणि तुम्हाला मागून वाजलेला हॉर्न ऐकू येत नाही.

दर्शना


पूर्णगड, १४ मे

चि. दर्शू,

पकडलंस. मुंबईला शिकलेल्या पोरीपुढे आपलं काय चालतं?

होय, भाडी मारतो. परवाच पुण्याचं एक कुटुंब फिरवून आणलं. बापाने वाटेत चौकशी केली की इथे समुद्र कुठल्या वेळेला चांगला असतो. मी म्हटलं, दुपारी तो जेवायला जातो. पोरांनी आंबे खाल्ले आणि कोयी सीटखाली टाकल्या. तुझा विश्वासघात केला याचं वाईट वाटून मी तुझ्या गाडीचं ऑईल पुन्हा एकदा बदललं. प्रायश्चित्त समज.

आता हे प्रकरण इथेच संपव. अपराध कबूल केल्यावर माणसाला जास्त विचारू नये.

दाजी

ता. क. सगळा खोटा. ह्यांना गाडी मागे घेताच येत नाय. पावसला बाजार झाला की वळायला जागा मिळेपर्यंत पुढे जातो, कधीकधी गोळपपर्यंत. भाडा कसला मारतात? आमच्या गाडीत बसलेला पाहुणा गोळपलाच उतरून पळेल. आणि सीटखाली कोयी नायत, माझा सुकट हाय, ता मी काढीन. - आ. काकी


भांडुप, ८ जून

दाजीकाका,

न केलेला गुन्हा कबूल करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. माणूस असं कधी करतो? केलेला गुन्हा झाकायचा असतो तेव्हा. हे माझं नोकरीतलं ज्ञान.

म्हणून मी पावसच्या गॅरेजवाल्याला फोन लावला. तो बिचारा खुशीत होता, तुमच्यासारखं गिऱ्हाईक त्याला कोकणात दुसरं नाही. म्हणाला, "काका येतात, नवीन ऑईल घालतात, पण जुनं सोडत नाहीत. डब्यात भरून घेतात, झाकण दाबून बघतात आणि काकींच्या मांडीवर देतात."

दाजीकाका, जुनं ऑईल कुठे जातं?

उत्तर द्या, कारण शेठ जुलैच्या शेवटी होडी बघायला येणार आहेत आणि तेव्हा मला दुसरा कुठलाही गोंधळ नको आहे. त्यांना 'गंगा' आहे तशीच हवीय, उन्हाने पांढुरकी पडलेली, रंगाचे पोपडे निघालेली. फोटोत छान दिसते म्हणाले. तुम्ही तिला उगाच हात लावू नका.

दर्शना


पूर्णगड, २५ जून

चि. दर्शू,

इकडे पावसाने धरलंय. कौलं गळत नाहीत. काकीला चुलीपाशी बसून माझ्यावर लक्ष ठेवायला भरपूर वेळ मिळतो. होडी माडाच्या झापांच्या छपराखाली कोरडी ठाक आहे.

जुन्या ऑईलचं म्हणशील तर ते ज्या कामाचं होतं त्या कामाला गेलं. कुणाच्या पोटात गेलं नाही, विहिरीत गेलं नाही, खाडीत थेंब सांडला नाही. त्यापलीकडचं ऐकायला मी बहिरा आहे.

शेठना अवश्य पाठव. मी स्वतः त्यांना होडीपाशी घेऊन जाईन. पांढरा शर्ट घालून आले तर उत्तम, फोटोत छान दिसेल.

दाजी

ता. क. हे का हसतात, ता मला आता कळला. पण मी तुला काय सांगायची नाय. माझ्या मांडीवरचा डबा काय उगाच नव्हता. - आ. काकी


भांडुप, २५ जुलै

दाजीकाका,

शेठचा फोन आला होता. ते मोठे सज्जन गृहस्थ आहेत, शिवी दिली नाही. म्हणाले, "मॅडम, तुमच्या काकांनी झापं वर केली आणि म्हणाले, हात लावून बघा, लाकूड फणसाचं आहे. मी लावला. मग पाय घसरला म्हणून टेकलो." त्यांचा शर्ट गेला. पँट गेली. गाडीत बसले तर गाडीचं सीट गेलं. आणि वर तुम्ही त्यांना विचारलंत, "काउंटरवर सोलकढी ठेवणार की नुसतं डिझेल?" त्यांना आता होडी नको. जळक्या ऑईलचा असा वास येतो की तिच्या जवळ उभं राहून कुणी पाणीसुद्धा पिणार नाही, असं म्हणाले.

मी फोन ठेवला आणि तुम्हाला काय काय लिहायचं ते मनात जुळवायला लागले. एक पानभर तरी राग होता. आणि मध्येच मला तो वास आला. खरंच आला, इथे, भांडुपला. होडी किनाऱ्यावर ओढली की आप्पा इंजिनातलं जुनं ऑईल काढून चिंध्यांच्या बोळ्याने फळ्यांना चोपडायचे, आत-बाहेर, लाकडाला किडा लागू नये म्हणून. तुम्ही दुसऱ्या बाजूने. मी मध्ये लुडबुडायचे आणि माझ्या शाळेच्या फ्रॉकवर काळी बोटं उमटायची. दर वर्षी. आप्पांच्या हातांचा वास म्हणजे तोच वास होता, तो दिवाळीपर्यंत जायचा नाही.

हे मला मार्चमध्ये आठवायला हवं होतं. काकीने लेंगा लिहिला, डाग लिहिले, डबा लिहिला, आणि मी तुम्हाला टॅक्सीवाला ठरवलं! मला स्वतःची लाज वाटली. मग काकीच्या मांडीवरचा डबा डोळ्यांसमोर आला आणि मी एकटीच हसत बसले.

पण हे विचारतेच. होडी द्यायची नव्हती तर सरळ 'नाही' का लिहिलं नाहीत? एवढा उद्योग कशाला?

दर्शना


पूर्णगड, १ ऑगस्ट

चि. दर्शू,

विचारलंस म्हणून सरळ सांगतो.

तुझा आप्पा तापाने गेला तेव्हा तू फ्रॉकात होतीस. त्या दिवसापासून तू जे मागितलंस त्याला मी हो म्हटलं. सायकल मागितलीस, हो. मुंबईचं कॉलेज, हो. नवरा दाखवलास, त्यालाही हो, तिथे जरा थांबलो होतो, पण मुलगा चांगला निघाला. तुला नाही म्हणायची मला सवयच लागली नाही आणि आता या वयात ती लागणार कशी? तू होडीचं विचारलंस तेव्हा मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते तू बघितलं नाहीस, तू फोनमध्ये शेठचा नंबर शोधत होतीस.

होडी उपाशी होती, दर्शू. पूर्वी तिला मुशी माशाचं तेल द्यायचो, आता मुशी दिसत नाही. मग इंजिनाचं जळकं ऑईल द्यायचो. इंजिन विकलं तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही की तिचं जेवणसुद्धा विकतोय. फळ्या सुकल्या, फटी पडल्या. गॅरेजवाल्याकडे मागितलं, पण त्याचं जुनं ऑईल पिंपाने नेणारा ठरलेला आहे, तो दुसऱ्याला वाटीभर देत नाही. आणि मग तू स्वतः एक इंजिन आणून माझ्या दारात उभं केलंस. आपल्या गाडीतलं आपण परत नेलं तर तो काय बोलणार? तुझ्याच गाडीचं ऑईल, तुझ्याच होडीला. यात चोरी कुठे झाली ते तुझ्या ऑडिटमध्ये दाखव.

मला मासे मारायला जायचं नाही, गुडघे मलाही कळतात. पण नारळी पौर्णिमेला मी दुसऱ्याच्या होडीत उभा राहून नारळ सोडला, दोन वर्षं. घरच्याच लग्नात पाहुणा म्हणून बसल्यासारखं वाटलं. त्या दिवशी ती पाण्यात असावी, खाडीच्या तोंडापर्यंत वल्ह्यांनी जावं आणि परत यावं, एवढंच मला हवं आहे. त्यासाठी तिचा काउंटर होऊन चालणार नाही.

पत्र पोचेपर्यंत सण येईल, म्हणून काकी फोनही करील. ये. पांढरं घालू नकोस.

दाजी


भांडुप, १८ ऑगस्ट

दाजीकाका आणि काकी,

पोचले. साडीवरचे डाग गेले नाहीत आणि ती साडी मी कपाटात तशीच ठेवली आहे.

'गंगा' गळली नाही, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. काकी वल्हं मारताना तुमच्यावर ओरडत होती, तुम्हाला ऐकू येत नव्हतं, आणि होडी बरोबर सरळ जात होती. तुम्ही नारळ माझ्या हातात दिलात. "आप्पाचा हात लागायचा, आता तुझा लागू दे," म्हणालात. मला फार बरं वाटलं, काका. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आता कामाचं. आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याकडून मी कॅनभर जळकं ऑईल मागून घेतलं. त्याने विचारलं, कशाला? मी म्हटलं, गावाला आमची म्हातारी आहे, तिला चोळायला. तो अजून माझ्याकडे संशयाने बघतो. मालनमावशी गणपतीला गावी येते आहे, तिच्याबरोबर पाठवते. तेव्हा माझ्या गाडीच्या ऑईलला आता जानेवारीपर्यंत विश्रांती द्या. चार महिन्यांत एवढं ताजं ऑईल प्यायलेली गाडी भारतात दुसरी नसेल.

आणि मी ठरवलंय, होडी तुमच्या नावावर करायची. कागद तयार करायला दिलेत. ती तुमचीच आहे. तुम्ही याला नाही म्हणणार नाही, कारण तुम्हाला ते येतच नाही.

दर्शना


पूर्णगड, ३१ ऑगस्ट

चि. दर्शू,

कॅन पोचला. मालन ऐसपैस आली. म्हणाली, वासामुळे एसटीत कुणी तिच्या शेजारी बसलं नाही, चिपळूणपासून आडवी झोपली. पुढच्या खेपेलाही कॅन दे म्हणते. ऑईल चांगलं आहे, मुंबईच्या रस्त्यात गाड्या उभ्या राहून राहून त्याला दाटपणा आलाय.

गणपती बसले. मोदकांचं सांगत नाही, उगाच तुझ्या तोंडाला पाणी सुटेल. गाडीचं ऑईल जानेवारीपर्यंत बदलणार नाही, शपथ. रोज सकाळी पट्टी काढून नुसतं बघतो आणि परत ठेवतो.

आता कागदाचं.

दर्शू, नाही.

बघ, लिहिता आलं. काकीला दाखवलं. तिचा विश्वास बसेना, म्हणाली, पुन्हा लिहा. म्हणून पुन्हा लिहितो: नाही. ते कागद फाडून टाक. होडी माझ्या नावावर झाली तर मी तिच्याकडे बघेन, आणि तू भांडुपला बसून "होडी कशी आहे?" एवढं विचारशील. मी "बरी आहे" म्हणेन, आणि संपलं. ती तुझ्या नावावर आहे तोवर तिला ऑईल चोपडायला तुलाच यावं लागेल. मी दुसऱ्या बाजूने आहेच.

किती दिवसांनी यायचं ते मी सांगायला नको, तुझ्या पुस्तकात आहे. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते.

पण मागचं बारीक अक्षरातलं पानही वाच. काकी आता पायऱ्या चढताना थांबते, आणि मला तिची हाक ऐकू येत नाही. इकडची परिस्थिती कठीण धर, आणि लवकर ये.

दाजी